फुगलेली काच आणि माळवदाचं ओझं

अख्खी बाटली भंगारवाला आनंदाने नेतो, कारण ती धुऊन परत भरता येते. फुटलेल्या, रंगीबेरंगी काचेला मात्र फारसं गिऱ्हाईक नसतं. हिरवी-तपकिरी काच एकदा मिसळली की तिची पुन्हा पारदर्शक बाटली होत नाही. आणि काच कुजत तर नाहीच! मग या काचेचं करायचं काय? एक उत्तर आहे फोम ग्लास, म्हणजे फुगवलेली सच्छिद्र काच. आपल्या मराठवाड्याला तिचा काय उपयोग, ते आधी पाहू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराखाली गाडले गेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर. हा थर लोकांनी उगाच घातला नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. घर गार राहायला माती हवीच होती. पण तिचं वजन?

साधा हिशोब करू. माती घनमीटरला साधारण १६०० किलो धरा. फूटभर जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४८० किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर जवळजवळ साडेचार टन!

फोम ग्लास घनमीटरला साधारण १२० ते २०० किलो भरते. उष्णता अडवण्यात तिचा दोन इंचाचा थर फूटभर मातीच्या तोडीस तोड ठरतो. त्याच खोलीवर त्याचं वजन शंभर किलोच्या आत!

आता ती बनते कशी? भाकरी आठवा. तव्यावर पापुद्रा धरतो, आत वाफ अडकते आणि भाकरी टम्म फुगते. चीर गेली तर वाफ निसटते आणि भाकरी चपटी राहते. काचेचंही तसंच. धुतलेली काच बॉल मिलमध्ये पिठासारखी दळायची. त्यात शंभराला दोन-तीन भाग कॅल्शियम कार्बोनेट घालायचं. मेसमधली अंड्यांची टरफलं म्हणजे बव्हंशी तेच! हे मिश्रण साच्यात भरून भट्टीत ८०० ते ८५० अंशांपर्यंत तापवायचं. आधी काचेचे कण मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, मग कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि आत बुडबुडे धरतात. वायू लवकर सुटला तर निसटून जातो. तापमान फार वाढलं तर काच पातळ होते, बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि सगळं खाली बसतं. शेवटी अगदी हळू थंड करायचं, नाहीतर तडे जातात. वाळूपासून नवी काच करायला सुमारे १५०० अंश लागतात, हेही लक्षात घ्या.

अर्थात मर्यादा आहेत. फोम ग्लास भार पेलणाऱ्या भिंतीच्या जागी चालणार नाही. ती स्लॅबवर, वॉटरप्रूफिंगसोबत, फक्त ऊन अडवायला. माती उष्णता साठवून ती उशिरा आत सोडते, तो गुण हिच्यात फारसा नाही. कार्बोनेट वापरलं तर बरीच छिद्रं एकमेकांना जोडली जातात आणि पाणी शिरतं. छतासाठी बंद छिद्रं हवीत. त्यासाठी सिलिकॉन कार्बाइड बरं, पण ते महाग आणि त्याला तापमानही जास्त लागतं. भट्टीच्या विजेचा खर्च वेगळाच. नॉर्वे, स्वित्झर्लंडमध्ये फोम ग्लासची खडी रस्त्यांखाली वापरतात. आपल्याकडे ती परवडेल का, हे इथेच मोजायला हवं.

फायनल इयरवाल्यांनो, मफल फर्नेस असली की काम सुरू करता येईल. एक तुकडा बनवा, वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. वजन किती वाढलं, त्यावरून तो छतावर चालेल की नाही ते कळेल. फक्त काच दळताना मास्क विसरू नका!