त्र्यैक्याचे रहस्य व शंका घेणारा मनुष्य

पाठ : कलस्सै १:२४–२७, योहान २०:२४–२९.

महाड औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर काम करणारा एक तरुण रात्रपाळी उतरून रविवारच्या भक्तीस आला होता. भक्तीनंतर त्याने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, देव एक, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन. हे कसे?" आम्ही शिकून ठेविलेला दृष्टांत तत्काळ पुढे केला : पाणी, बर्फ आणि वाफ. तो म्हणाला, "आमच्या बॉयलरात जे पाणी वाफ झाले ते पाणी राहत नाही. मग पुत्र पृथ्वीवर होता तेव्हा पिता कोठे होता?" आम्ही निरुत्तर झालो, आणि असल्या गोष्टींत खोल शिरू नये असे सांगून उठलो. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

उपदेशक बंधूंनो, चूक आमची होती. एकच देव वेळोवेळी तीन रूपे घेतो, असे शिकविणारा सबेल्लियस तिसऱ्या शतकात होऊन गेला, व मंडळीने ते मत तेव्हाच नाकारले. पाण्याच्या दृष्टांताने आम्ही नकळत तेच शिकवीत होतो, आणि सेमिनरीत न गेलेल्या एका कामगाराने ते पकडले!

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडला होता. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु अथनेशियाच्या मतांगिकारातील त्र्यैक्याची विधाने त्या मुकाट्याने म्हणावयास तयार नव्हत्या. पवित्र शास्त्रात आपणास जे आढळेल तेच मानू, असा त्यांचा आग्रह. धर्मभगिनी जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मिस बील यांनी मात्र पत्रांतून त्यांच्याशी धीराने विचार केला. ही पत्रे १९७७ साली छापून प्रसिद्ध झाली आहेत. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी अवश्य वाचावी. पुढे, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, बाईंच्या ध्यानी आले की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नाही. आणि त्या त्याला शरण गेल्या. एक आणि तीन यांचे गणित कोणी सोडवून दिले म्हणून हे झाले नाही. शंका घेणारी तीच बुद्धी त्यांनी नंतर इब्री व ग्रीक शिकण्यास लाविली, आणि खेड्यापाड्यांतील साध्या बायांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरविले. १९२२ साली त्या प्रभूमध्ये निजल्या.

पौल ज्याला रहस्य म्हणतो त्याचा मूळ ग्रीक शब्द मुस्तेरिओन. जे पूर्वी गुप्त होते व आता देवाने उघड केले, ते रहस्य. कलस्सैच्या मंडळीत दासही होते; त्यांनाच पौल लिहितो की ते रहस्य म्हणजे तुमच्यामध्ये असणारा ख्रिस्त. तेव्हा प्रश्नकर्त्याचे तोंड बंद करावयास हा शब्द वापरू नये. दिवसरात्र दाबमापकाचा काटा पाहणाऱ्यास मोजण्याजोगे काय आणि काय नाही, हे आपल्याहून बरे कळते. आणि ज्यास देवाची ओढच नाही, तो रात्रपाळीनंतर घरी जाऊन झोपतो. देवळात येऊन प्रश्न विचारीत नाही.

थोमाकडेही पाहा. त्याने साफ सांगितले की पाहिल्यावाचून मी मानणार नाही. तरी आठ दिवसांनी दारे बंद होती तेव्हा तो आत, शिष्यांबरोबरच होता. त्याला कोणी बाहेर ठेविले नव्हते.

गेल्या आठवड्यात आम्ही बिरवाडीस त्या तरुणाच्या खोलीवर गेलो व आमचा दृष्टांत परत घेतला. तो म्हणाला, "मग तुम्हांला तरी ते कळले आहे काय?" आम्ही म्हणालो, "पुरते नाही. परंतु तू ज्याच्याविषयी विचारतोस, त्याच्याशी आम्ही रोज प्रार्थनेत बोलतो." त्याने चहा ठेविला. पाळीची वेळ होईपर्यंत आम्ही योहानाचा पहिला अध्याय वाचीत बसलो, आणि चौदाव्या वचनाशी त्याने आम्हांस थांबविले. त्याचा नवा प्रश्न पहिल्याहून कठीण आहे. बुधवारी आम्ही पुन्हा जाणार आहो.