पत्ता कनेक्शनचा, नाव बिलावरचे

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडच्या एखाद्या सेवा केंद्रात पीकविम्याचा अर्ज भरला जातो, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरला ना केंद्रचालक दिसतो, ना रांगेतला शेतकरी. त्याला दिसतो एक आकडा, म्हणजे आयपी ॲड्रेस. हा आकडा लागतोच. नाहीतर उत्तर परत पाठवायचे कुठे? १९८१ मध्ये ठरलेल्या पद्धतीत त्याचे चार भाग, प्रत्येकात ० ते २५५. असे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाला ते पुरले नाहीत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. त्यामुळे कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत फिरवतात, शिवाय अक्षरे आणि आकडे मिळून होणारा लांबलचक नवा पत्ता, आयपीव्ही६, देतात. आपल्याकडे मोबाइलवर तो आता सर्रास असतो.

जुना असो की नवा, पत्ता कनेक्शनचा असतो, माणसाचा नव्हे. चौकशी निघाली की कंपनी ज्याच्या नावावर बिल आहे त्याचे नाव कळवते आणि पहिला फोन त्यालाच येतो. म्हणून थोडी खबरदारी.

काय करावे

• कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघावे. दुकान विकले, भाडेकरू बदलला, भाऊ वेगळे झाले, तरी फायबरचे बिल जुन्याच नावाने येत राहते. नेटवाल्याला सांगून नाव बदलून घ्यावे, नाहीतर कनेक्शन बंद करावे.

• वायफायला पासवर्ड लावावा. हे वाचून कोणी हसेल, पण २६ जुलै २००८ आठवावा. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. त्याच्या आयपीचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचे वायफाय उघडे होते. ई-मेल पाठवणाऱ्यांनी ते वापरले आणि निघून गेले. महिनाभरात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे वायफाय असेच वापरले गेले, सप्टेंबरात चेंबूरच्या एका कंपनीचे. तिन्ही ठिकाणी ज्यांच्या नावावर कनेक्शन होते त्यांचा ई-मेलशी काहीही संबंध नव्हता.

• राउटरचे पासवर्ड दोन असतात हे लक्षात ठेवावे. एक वायफायला जोडण्याचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला सगळे बदलतात. दुसरा बहुतेक घरांत कंपनीतून आला तसाच राहतो. लाइनमन जोडणी करून देतो तेव्हाच त्याच्याकडून दोन्ही बदलून घ्यावेत.

• लोकांना नेट वापरायला देत असाल तर वही ठेवावी. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार ओळखपत्र पाहणे, नोंद करणे आणि ती नोंद किमान वर्षभर जपणे बंधनकारक आहे. दोन कॉम्प्युटरमधला आडोसा साडेचार फुटांहून उंच नको, इतक्या बारकाईने ते नियम लिहिलेले आहेत. आडोशाचे जाऊ द्या. वही मात्र खरोखर कामाची. कनेक्शन एक, बसणारी माणसे वीस. त्या दिवशी, त्या वेळी कोण बसले होते हे आयपी सांगू शकत नाही, वही सांगते.

• आयपी देऊन तक्रार करताना तारीख आणि वेळ लिहावीच, जमल्यास सेकंदापर्यंत. मोबाइल कंपनीचा पत्ता म्हणजे मेहकर आगाराच्या बसमधला आसन क्रमांक. चौदा नंबरवर कोण बसले होते, एवढेच विचारून उपयोग नाही. कोणती गाडी, कोणती फेरी तेही सांगावे लागते. वेळ सकाळची की संध्याकाळची, भारतीय की लंडनची, हे स्पष्ट हवे. परदेशी सर्व्हरच्या नोंदी बऱ्याचदा भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असतात.

• धमकीचा किंवा फसवणुकीचा ई-मेल आला तर तो आहे तसा ठेवावा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ई-मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून आला याची नोंद त्याच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात असते. पुढे पाठवलेल्या प्रतीत ती येत नाही.

• जीमेल कॉम्प्युटरवर उघडून अगदी खाली उजवीकडचा ‘तपशील’ अधूनमधून पाहावा. आपले खाते कोणत्या आयपीवरून, केव्हा उघडले गेले याची यादी तिथे असते. केंद्रावर ई-मेल उघडून तसाच सोडून आलेल्यांनी तर आजच पाहावा.

• व्हॉट्सॲपवर अनोळखी लोकांचे कॉल घ्यावे लागत असतील तर प्रायव्हसीच्या प्रगत सेटिंगमध्ये आयपी लपवण्याची सोय आहे, ती सुरू करावी. आवाज थोडा अडखळू शकतो.

काय टाळावे

• आयपी सापडला म्हणजे माणूस सापडला, असे समजू नये. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर आला. अशा मजकुराने लोक किती पेटतात हे आपल्या, जिजाऊंच्या माहेरच्या, तालुक्याला वेगळे सांगायला नको. पुणे पोलिसांनी आयपी मिळवला, इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव मिळवले आणि २००७ मध्ये बंगळुरूहून आयटीत काम करणाऱ्या एका तरुणाला अटक केली. कंपनीने दिलेले नाव चुकीचे होते. ते उमगेपर्यंत त्या तरुणाचे ५० दिवस तुरुंगात गेले. आकडा खोटे बोलत नव्हता. आकड्यासमोर लिहिलेले नाव चुकले होते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आयपीवरून शोधून काढला’ असे सांगत कोणाचे नाव फिरू लागले, तर ते पुढे पाठवण्याआधी ही गोष्ट आठवावी.

• १९२.१६८ पासून सुरू होणारा किंवा पहिला भाग नेमका १० असलेला आकडा तक्रारीत लिहू नये. तो घरातल्या घरात चालणारा पत्ता. तोच आकडा तुमच्या घरी, शेजाऱ्याकडे आणि पुण्यातल्या लाखो घरांत एकाच वेळी असतो.

• आयपीवरून ठिकाण दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये. दुसरबीडमध्ये बसून पाहिले तरी ती मुंबई, पुणे किंवा नागपूर दाखवतील. कारण त्यांना कळते ते कंपनीने तो पत्ता कुठे नोंदवला ते. आणि म्हणूनच, जीमेलच्या यादीत मुंबई दिसली तर लगेच खाते फुटले असे मानून घाबरू नये. आधी वेळ जुळवून पाहावी.

• दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर दिसावा म्हणून राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, सरसकट उघडून देऊ नयेत, आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तर मुळीच ठेवू नये. कॅमेरा बसवणारा अर्ध्या तासात काम उरकून जातो, पासवर्ड तोच ठेवून. उघडे पोर्ट शोधत इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने हेच केले. कंपनीतून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून त्याने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी मारा करून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडवल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

• फुकटचे व्हीपीएन ॲप टाकू नये. त्याने आपला पत्ता लपतो हे खरे, पण काही वेळा दुसऱ्याचा उद्योग आपल्या पत्त्यावरून सुरू होतो. ‘होला’ या फुकट व्हीपीएनच्या बाबतीत २०१५ मध्ये हेच उघडकीस आले: वापरणाऱ्यांची कनेक्शने वाट म्हणून इतरांना विकली जात होती. पैसे भरून घेतलेल्या व्हीपीएनलाही कवच मानू नये. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार त्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. काही परदेशी कंपन्यांनी त्यामुळे भारतातले सर्व्हरच हलवले.

• स्टँडवर कोणी ‘भाऊ, दोन मिनिटं हॉटस्पॉट द्या’ म्हणाले तर अनोळखी माणसाला देऊ नये. रिचार्ज संपलेल्याला फोन लावून द्यावा, ते बरे.

• ‘तुमच्या आयपीवरून अश्लील व्हिडिओ गेले, तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ असा कॉल आला तर एक शब्दही बोलत बसू नये. अशी अटक कायद्यात नाहीच. स्क्रीनवर तुमचा खरा आयपी झळकवून ‘कॉम्प्युटर लॉक झाला’ म्हणणाऱ्या पानालाही भिऊ नये. उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला तो आकडा दिसतच असतो. ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा, खालचा नंबर लावू नये. आणि पैसे गेलेच असतील तर तक्रारीसाठी बुलढाण्याला जायला सकाळच्या गाडीची वाट पाहू नये. त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावावा.