मेनफ्रेम संगणक : त्याची रचना, त्याचा बाजार व त्याचें भवितव्य

एका खात्यांतून पांचशें रुपये काढून दुसऱ्या खात्यांत जमा करणें, ही गोष्ट दिसावयास किती सोपी आहे! वडील बँकेच्या कागदावर सही करितात, किंवा हल्लीं मोबाइलवर बोट टेकवितात, आणि क्षणार्धांत मुलाची फी भरली जाते. परंतु विद्यार्थिमित्रहो, त्या एका क्षणांत कोठें तरी दूर असलेल्या यंत्रास दोन नोंदी कराव्या लागतात. एका खात्यांतून पांचशें वजा व दुसऱ्या खात्यांत पांचशें जमा. समजा, पहिली नोंद झाली आणि दुसरी होण्यापूर्वींच यंत्र बंद पडलें, तर ते पांचशें रुपये कोणाचे? देणाराच्या हातून ते गेले आणि घेणाराच्या हातीं ते पोंचले नाहींत. म्हणून असा नियम आहे कीं, व्हाव्या तर दोन्ही नोंदी व्हाव्या, नाहीं तर एकही होऊं नये. हा नियम दिवसांतून कोट्यवधि वेळां न चुकतां पाळणें हेंच ज्यांचें मुख्य काम, अशा यंत्रांपैकीं सर्वांत जुन्या घराण्याचें नांव मेनफ्रेम. प्रस्तुत लेखांत या यंत्राची रचना कशी असते, त्याच्या बाजारांत कोणते चढउतार झाले, व त्यापासून आपणांस काय शिकतां येईल, याचा थोडक्यांत विचार करूं.

नांव व रचना

पूर्वीं संगणकाचे भाग मोठमोठ्या लोखंडी कपाटांत बसविलेले असत. ज्या कपाटांत गणित करणारा मुख्य भाग असे, त्यास मुख्य चौकट या अर्थीं मेनफ्रेम म्हणत. पुढें तेंच नांव सबंध यंत्रास मिळालें. मेनफ्रेम व महासंगणक हे एकच, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाहीं. हवामानाचें भाकीत किंवा ताऱ्यांच्या हालचालीचें गणित अशा एकाच अवाढव्य प्रश्नामागें सर्व बळ लावणें हें महासंगणकाचें काम होय. मेनफ्रेमचें काम याच्या उलट आहे. त्याच्यापुढें प्रश्न लहान असतात, पण ते अगणित माणसांकडून एकाच वेळीं येतात, आणि त्यांपैकीं एकाचेंही उत्तर चुकून चालत नाहीं.

हें त्यास कसें साधतें तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एखाद्या कचेरींत हुशार कारकून आहे; परंतु प्रत्येक कागदासाठीं त्याला स्वतः उठून कपाटाकडे जावें लागतें. त्याचा अर्धा दिवस येरझारांतच जाईल. आतां त्याच्या हाताखालीं चार शिपाई दिले, तर ते दप्तरें आणतील व नेतील, आणि कारकुनाची लेखणी थांबणार नाहीं. मेनफ्रेमच्या रचनेंत असे शिपाई पहिल्यापासूनच आहेत. त्यांस चॅनेल म्हणतात. माहिती आंत आणणें व बाहेर पोंचविणें हें काम ते स्वतंत्रपणें करितात, आणि मुख्य प्रोसेसर हिशेबांत गुंतलेला राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची सावधगिरी. यंत्रांत राखीव प्रोसेसर ठेवलेले असतात. एखादी क्रिया करितांना चूक आढळली, तर यंत्र ती क्रिया पुन्हा करून पाहतें. तरीही चूक राहिली, तर तें काम राखीव प्रोसेसराकडे सोंपविलें जातें, आणि खातेदारास याची वार्ताही नसते. पुष्कळसे बिघडलेले भाग यंत्र चालूं असतांनाच बदलतां येतात. योग्य मांडणी केल्यास आपलें यंत्र शेंकडा ९९.९९९९९ इतका वेळ चालूं राहूं शकतें, असें त्याचे निर्माते सांगतात. या आंकड्याचा अर्थ काय, हें गणितानेंच पाहावें. एका वर्षांत ३,१५,३६,००० सेकंद असतात. त्यांचा एक कोटीवा भाग, म्हणजे सुमारें तीन सेकंद, एवढाच काळ वर्षभरांत यंत्र बंद राहावयाचें! शेंकडा ९९.९९९ हा आंकडाही कानाला मोठा वाटतो. परंतु त्यांत सवापांच मिनिटें बंद राहण्यास मुभा आहे. दशांशचिन्हापुढील दोन नवांची किंमत किती, हें यावरून कळेल.

१९६४ सालचें धाडस

अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं सिस्टिम ३६० नांवाची संगणकमाला जाहीर केली. त्यापूर्वीं एका संगणकासाठीं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालत नसे. मग ते दोन्ही एकाच कंपनीचे कां असेनात! धंदा वाढला म्हणून मोठें यंत्र घ्यावें, तर सर्व प्रोग्राम नव्यानें लिहावे लागत. ॲम्डाल, ब्रूक्स इत्यादि तज्ज्ञांनीं असें ठरविलें कीं, लहानापासून मोठ्यापर्यंत सर्व यंत्रांची भाषा एकच असावी. वर्तुळाचे अंश जसे ३६०, तसें हें यंत्र सर्व दिशांच्या कामांस उपयोगीं पडावें, म्हणून त्यास तें नांव दिलें. या कामावर सुमारें ५०० कोटी डॉलर खर्च झाले. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन, धाकटे, यांनीं सगळी कंपनीच पणाला लावली होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण डाव साधला. बँका, विमा कंपन्या, विमानकंपन्या व सरकारी खातीं यांनीं हीं यंत्रें घेतलीं. १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला, तेव्हां ह्यूस्टन येथील नियंत्रण केंद्रांत याच मालेंतील संगणक काम करीत होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एकदां दिलेला शब्द कंपनीनें पाळला. त्या काळीं लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम साठ वर्षांनंतरच्या यंत्रावरही चालूं शकतात. आजोबांनीं लिहिलेली खतावणी नातवास वाचतां यावी व तीच पुढें चालवितां यावी, तसाच हा प्रकार होय.

या यंत्रांच्या युगाचा आपल्या प्रांताशींही संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालींच कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा मोठा संगणक आला. १९६८ सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली, आणि १९७४ सालीं तिनें बरोज कंपनीचा मेनफ्रेम आणवून परदेशांसाठीं प्रोग्राम लिहिण्याचें काम हातीं घेतलें. पुढें दोन हजार सालचा प्रश्न उभा राहिला. जुन्या प्रोग्रामांत जागा वांचविण्यासाठीं वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे लिहीत. त्यामुळें २००० हें वर्ष यंत्रास १९०० वाटण्याचा धोका होता. अशा असंख्य ओळी तपासून दुरुस्त करण्याच्या कामीं हजारों हिंदी तरुण लागले, व परदेशांत त्यांच्या कसबाची ओळख पटली.

चुकलेलें भविष्य

इ. स. १९८० नंतर टेबलावर मावणारे स्वस्त संगणक आले, आणि ते तारांनीं जोडून कचेरीचें काम करणें शक्य झालें. मेनफ्रेमचे दिवस भरले, असें जाणते लोकही म्हणूं लागले. स्टुअर्ट ॲलसॉप या अमेरिकन लेखकानें तर १९९१ सालीं तारीखच सांगून टाकिली : १५ मार्च १९९६ रोजीं शेवटचा मेनफ्रेम बंद होईल! लक्षणेंही तशींच दिसत होतीं. १९९३ सालीं आयबीएमला सुमारें ८०० कोटी डॉलरांचा तोटा आला.

त्याच वर्षीं कंपनीचीं सूत्रें लुई गर्स्टनर यांच्या हातीं आलीं. त्यांनीं मेनफ्रेमच्या किंमती उतरविल्या, व यंत्राचें अंतरंग बदलण्याच्या कामास पाठिंबा दिला. तोंपर्यंतच्या चिपा वेगवान् खऱ्या, पण त्या इतक्या तापत कीं, कित्येक यंत्रांत पाणी खेळवून त्या थंड ठेवाव्या लागत. १९९४ सालापासून सीमॉस जातीच्या चिपा वापरांत आल्या. त्या आरंभीं मंद होत्या, परंतु त्यांना वीज थोडी लागे, जागा थोडी लागे व खर्चही थोडा येई. म्हणून अनेक चिपा एकत्र लावून काम भागविलें गेलें, आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं जुन्यांस वेगांतही मागें टाकलें. २००० सालीं लिनक्स ही सर्वांस खुली असलेली कार्यप्रणालीही या यंत्रावर चालूं लागली. १५ मार्च १९९६ हा दिवस आला आणि गेला. यंत्रें चालूंच राहिलीं. आपलें भाकीत चुकलें, हें ॲलसॉपनें पुढें मोकळेपणानें मान्य केलें, ही त्याच्या बाजूनें सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आजचा बाजार

तथापि भविष्य पूर्णपणें खोटें ठरलें, असेंही नाहीं. विक्रेत्यांची संख्या फारच घटली. ॲम्डाल यांनीं १९७० सालीं काढलेली कंपनी १९९७ सालीं जपानच्या फुजित्सूनें पूर्णपणें आपल्याकडे घेतली. आणि खुद्द फुजित्सूनेंच २०२२ सालीं असें जाहीर केलें कीं, २०३० सालीं मेनफ्रेमची विक्री थांबेल व २०३५ सालीं त्यांची देखभालही थांबेल. त्यामुळें या बाजारावर मुख्यत्वें एकाच कंपनीचें वर्चस्व आहे. तिनें २०२५ सालीं झेड१७ हें यंत्र बाजारांत आणलें. त्यांतील टेलम दोन हा प्रोसेसर दर सेकंदास साडेपांच अब्ज ठोके देतो. पैशाचा व्यवहार चालूं असतांच त्यांत लबाडी आहे काय, हें तपासण्यासाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें गणित करणारा भागही त्याच चिपेंत बसविलेला आहे.

दुसऱ्या बाजूस साध्या सर्व्हरांचें प्रचंड सैन्य उभें राहिलें आहे. एक मोठें यंत्र घेण्याऐवजीं हजारों स्वस्त यंत्रें जोडावीं, आणि त्यांतील एखादें पडलें तर बाकीच्यांनीं काम उचलावें, हा मार्ग गूगलनें आरंभापासून धरला. २००६ सालापासून ॲमेझॉन कंपनी असे सर्व्हर तासाच्या हिशेबानें भाड्यानें देऊं लागली. आपल्या देशांतील पुष्कळ बँकांचें कामही मेनफ्रेमवर नसून इतर जातींच्या सर्व्हरांवर चालतें. मात्र नवें तें टिकतेंच, असा नियम नाहीं. ह्यूलेट-पॅकार्ड व इंटेल यांनीं मिळून घडविलेला आयटेनियम प्रोसेसर २००१ सालीं मोठ्या गाजावाजानें आला, आणि २०२१ सालीं त्याचा पुरवठा बंदही झाला.

मग श्रेष्ठ कोण? शोध घेणें, चित्रें दाखविणें, पत्रें पोंचविणें अशा कामीं हजार लहान यंत्रें उत्तम. तेथें एखादें उत्तर क्षणभर शिळें असलें तरी बिघडत नाहीं. परंतु एकाच खतावणीच्या प्रती शंभर कारकुनांपाशीं असतील, तर त्या सर्वांचा मेळ क्षणोक्षणीं घालीत राहावें लागतें, व तें काम सोपें नव्हे. उलट, मेनफ्रेमच्या धन्यास एकाच दुकानदारावर अवलंबून राहावें लागतें, आणि तो सांगेल ती किंमत मोजावी लागते, हाही दोष लहान नाहीं.

खरा प्रश्न

आतां पालकांनीं व मुलांनीं विचार करण्याजोगी गोष्ट सांगतों. एप्रिल २०१८ मध्यें इंग्लंडांतील टीएसबी या बँकेनें आपल्या खातेदारांचे हिशेब एका प्रणालींतून दुसऱ्या नव्या प्रणालींत हालविले. काम फसलें, आणि १९ लाखांपर्यंत लोकांस आपलेच पैसे हातीं घेतां येईनात. १९ लाख हा नुसता आंकडा नव्हे. त्यांत कोणाचा पगार होता, कोणाचें घरभाडें होतें. २०२२ सालीं त्या बँकेस ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. पुढें एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या दिवसांत अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत बेकारभत्त्यासाठीं अर्जांचा लोंढा आला, तेव्हां तेथील गव्हर्नरांस कोबोल भाषा जाणणाऱ्यांनीं मदतीस यावें, असें जाहीर आवाहन करावें लागलें. ही भाषा १९५९ व १९६० या सालांत तयार झालेली. ती जाणणारे पुष्कळ लोक निवृत्त झालेले, आणि नवे लोक ती शिकलेले नाहींत!

या दोन प्रसंगांची शिकवण वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटते. एकांत जुनें सोडण्याची किंमत मोजावी लागली, दुसऱ्यांत जुनें ठेवून त्याची जोपासना न करण्याची. पण दोहोंचें मूळ एकच आहे. यंत्र मागें राहिलें व तें जाणणारें माणूस राहिलें नाहीं, तर जुनें नीट चालवितां येत नाहीं आणि सोडतांही येत नाहीं. चिप बिघडली तर राखीव चिप पुढें येते. परंतु ज्ञानी माणसाच्या जागीं राखीव माणूस आपोआप येत नसतो, तो आधींपासून शिकवून तयार करावा लागतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, संगणकाची विद्या शिकतांना जें आज बाजारांत नवें आहे तेवढेंच शिकूं नका. त्याच्या खालीं कोणता पाया आहे, तो कोणी व कां घातला, हेंही विचारा. घरांत किंवा शेजारीं एखादे निवृत्त गृहस्थ असतील, ज्यांनीं बँकेंत वा कारखान्यांत पूर्वींचीं यंत्रें चालविलीं असतील, तर एखाद्या सायंकाळीं त्यांच्याजवळ बसा व त्यांचें काम कसें चाले तें वहींत लिहून घ्या. त्यांस सांगावयास आनंद वाटेल. आणि कोणाचे तरी पांचशें रुपये सुरक्षित पोंचविण्याचें काम उद्यां तुमच्याकडे येईल, तेव्हां ती वही तुमच्या उपयोगीं पडेल.