इंटरनेट दूरध्वनी : सल्ला केंद्रांसाठी आवश्यक संज्ञा

किसान कॉल सेंटर योजना २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाली. आज लहान कृषी सल्ला केंद्रांनाही इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा देता येते. रायपूरच्या सदर बाजारातून कोणी धानावरील तुडतुड्यांविषयी विचारणा केली, तर त्या कॉलमागे पुढील यंत्रणा कार्य करते.

एसआयपी : कॉल जोडण्याचे व तोडण्याचे नियम. यासाठी सामान्यतः ५०६० क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते.

आरटीपी : आवाजाची पाकिटे वाहून नेणारी पद्धत. जी.७११ कोडेकमध्ये आवाजासाठी प्रतिसेकंद ६४ किलोबिट लागतात.

विलंब व जिटर : पाकिटे उशिरा पोहोचणे म्हणजे विलंब, तर असमान अंतराने पोहोचणे म्हणजे जिटर. एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. पाकिटे गहाळ झाल्यास औषधाची मात्रा चुकीची ऐकू येऊ शकते. म्हणून ती शेतकऱ्याकडून पुन्हा वदवून घ्यावी.

नॅट : अनेक उपकरणांना एकच सार्वजनिक पत्ता देणारी व्यवस्था. तिची मांडणी चुकल्यास आवाज एकाच बाजूला ऐकू येतो.

टीएलएस व एसआरटीपी : पहिले कॉल जोडणीची माहिती कूटबद्ध करते, दुसरे संभाषण.

टोल फसवणूक : कमकुवत पासवर्ड हेरून केंद्राच्या खर्चाने परदेशी कॉल करणे. अनावश्यक आंतरराष्ट्रीय सेवा बंद ठेवावी.

कॉलर आयडी स्पूफिंग : पडद्यावर खोटा क्रमांक दाखविणे. त्यामुळे क्रमांक ओळखीचा असला तरी बोलणारा खराच असेल असे नाही. अनुदानाच्या नावाखाली ओटीपी मागितल्यास देऊ नये. आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे.