सुनीत : चौदा ओळींची शिस्त

‘सॉनेट’ ही बहुधा प्रेमकविता असते, असे इंग्रजीच्या तासाला कळताच आमच्या वर्गात हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, “हे काय सैनिकांचे काम?” मीही हसलो. नंतर ग्रंथालयात शोधले, तेव्हा उत्तर वेगळेच निघाले.

सॉनेटचा जन्म तेराव्या शतकात सिसिलीच्या राजदरबारात झाला. इटलीच्या पेत्रार्कने (१३०४–१३७४) लॉरा नावाच्या स्त्रीवर अशा शेकडो कविता लिहिल्या आणि हा प्रकार युरोपभर गाजला. त्याच्या रचनेत पहिल्या आठ ओळींत मनातली व्यथा येते आणि पुढच्या सहा ओळींत विचार वळण घेतो. शेक्सपिअरच्या रचनेत चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळींचा समारोप असतो. त्याची १५४ सॉनेटे १६०९ मध्ये छापली गेली.

आता सैनिकांकडे येऊ. स्पॅनिश भाषेत सॉनेट रुजवणारा गार्सिलासो दे ला वेगा सैनिक होता. १५३६ मध्ये एका गढीवरील हल्ल्यात जखमी होऊन तो वारला. इंग्लंडच्या सर फिलिप सिडनीने १०८ सॉनेटांची प्रेममालिका लिहिली. १५८६ मध्ये झुटफेनच्या लढाईत त्याच्या मांडीला गोळी लागली आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला. पुढे त्याला ‘सुनीत’ हे नाव रूढ झाले. त्यांचे पहिले सुनीत ‘मयूरासन आणि ताजमहाल’ १८९२ चे. या दोन्ही वस्तू शाहजहानने घडवल्या. सत्तेचे आसन १७३९ मध्ये नादिरशहाने लुटून नेले. पत्नीच्या आठवणीचा ताजमहाल आजही उभा आहे.

सुनीतासाठी मराठी कवींनी शार्दूलविक्रीडितासारखी वृत्ते वापरली. त्यात प्रत्येक ओळीत १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती असते.

येलहंक्याहून घरी लिहिलेल्या माझ्या प्रत्येक पत्रात ‘मी मजेत आहे’ एवढेच असते. या रविवारी आईसाठी सुनीत लिहून पाहिले. परेडमध्ये पावले मोजतो तशी अक्षरे मोजली. वृत्त चार ठिकाणी चुकले. पण रडगाणे गायला जागाच उरली नाही, आणि आठवण येते हे मात्र पहिल्यांदाच लिहिता आले.

वर्गातल्या त्या प्रश्नाला माझे उत्तर आता ‘होय’ असे आहे.