साधनेसाठी डाळ-दूध सोडावं का?

प्रश्न : वय ५२. योगसाधना करते. सात्त्विक आहार म्हणून कांदा-लसणाबरोबर डाळी, दूधही सोडलं. आता थकवा येतो, पायांना मुंग्या येतात. ही शरीरशुद्धी असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ही शुद्धी नव्हे, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडत असावं. ते वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही. लवकर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. कांदा-लसूण खुशाल वर्ज्य ठेवा, त्यावाचून अडत नाही. पण डाळ का सोडलीत? ‘हठयोगप्रदीपिके’च्या पथ्यात तर मूग, दूध, तूप सगळं आहे! मुगाचं वरण, मोड आलेल्या मुगाची उसळ, वाटीभर ताजं दही सुरू करा. दूध नकोच असेल, तर बी-१२ची गोळी कायम लागेल. रक्तवाढीच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. त्यांतल्या नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांची हानी चालूच राहते.