पोटातील व्रण : काय खावे, कसे खावे



पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्याचा उल्लेख आहे. तेथे द्राक्षारसाचे नाव येते म्हणून काही जण त्यात दारूला आधार शोधतात. पण पोटात व्रण असलेल्याला दारू घातकच. आपण घ्यायचा धडा वेगळा आहे : इतक्या कामाच्या रगाड्यातही पौलाने सहकाऱ्याच्या पोटाची काळजी केली.

आपल्या जिल्ह्यातील कातकरी बांधव पहाटे कोरा चहा घेऊन कामाला निघतात. पोटभर जेवण कित्येकदा संध्याकाळीच मिळते. अंग दुखले की दुकानातून गोळी आणून उपाशीपोटीच घेतात. मग छातीखाली जळजळ आणि भुकेच्या वेळी किंवा रात्री कळ सुरू होते.

व्रण कशाने होतो?

पूर्वी तिखट आणि काळजी यांनाच दोष देत. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे बोट दाखवले. 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या ही व्रणाची दोन मुख्य कारणे आहेत. त्यामुळे केवळ पथ्याने व्रण बरा होत नाही. तपासणी आणि औषध हवेच. जंतू सापडल्यास डॉक्टर साधारण 10 ते 14 दिवसांची औषधे देतात. बरे वाटले तरी ती मध्येच सोडू नयेत.

आहार कसा असावा?

- फार वेळ उपाशी राहू नये. थोडे थोडे, वेळेवर खावे. सकाळी चहाआधी उकड्या तांदळाची पेज घ्यावी.
- मऊ भात, वरण, नाचणीची भाकरी, दुधी, लाल भोपळा, केळे, उकडलेले अंडे चालते. मासे खावेत, पण तळलेले नकोत. कमी तिखटाचे कालवण करावे.
- मालवणी मसाल्याने व्रण होत नाही, पण असलेली जळजळ वाढू शकते. सोलकढीने थंडावा वाटतो, तरी कोकम आंबट आहे. ज्याला जे सोसत नाही, ते त्याने बरे होईपर्यंत टाळावे.
- दुधाने थोडा वेळ आराम पडतो, पण नंतर आम्ल वाढते. म्हणून दूध हे औषध समजू नये.
- रात्री जेवून लगेच आडवे होऊ नये.
- विडी-सिगारेट आणि दारू सोडावी. धूम्रपानाने व्रण भरायला वेळ लागतो.

थांबू नका

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक असह्य कळ आल्यास घरगुती उपाय करत बसू नये. रुग्णाला ताबडतोब जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

आपण काय करू शकतो?

वाडीवर जाताना प्रेमापोटी आपण गोळ्यांची पाकिटे वाटतो. यापुढे वेदनाशामक गोळ्या वाटू नयेत. त्याऐवजी तांदूळ, नाचणी, डाळ द्यावी आणि दुखणाइताला सोबत घेऊन दवाखान्यात जावे. भेटीत एक प्रश्न जरूर विचारावा : "दादा, आज सकाळी काय खाल्लंत?"

प्रार्थनेचा विषय : पोटाच्या दुखण्यासह रोज कामाला जाणारे आपले बांधव आणि त्यांच्या घरची चूल.